टीव्ही ४के आहे, तरी सिनेमा धूसर का दिसतो? घरच्या पडद्यावर चित्र नीट लावण्याचा क्रम

टीव्हीच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला ‘४के’ एवढंच सांगतो, की या पडद्यावर ठिपके किती आहेत. त्या ठिपक्यांत भरायचं चित्र बाहेरून येतं: सेट टॉप बॉक्समधून, इंटरनेटवरून किंवा डिस्कवरून. तिथे कमी पडलं तर टीव्ही कितीही भारी असो, चित्र धूसरच दिसणार. म्हणून नवा टीव्ही घ्यायचा विचार करण्याआधी घरात आहे त्याच टीव्हीवर पुढच्या गोष्टी याच क्रमाने करून बघा. बहुतेक घरांत पैसा न घालता चित्र लक्षात येण्याइतकं सुधारतं, कारण टीव्ही बसवून गेल्यावर त्याच्या सेटिंगला कुणी हातच लावलेला नसतो.

आधी आकडे एकदा समजून घेऊ, पुढे ते सारखे लागतील. आपल्याकडचं साधं, म्हणजे एसडी चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं असतं. एकूण साधारण ४ लाख १५ हजार. ‘एचडी रेडी’ टीव्हीचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ चा, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी १९२० × १०८०, जवळजवळ पावणेएकवीस लाख. आणि ४के किंवा अल्ट्रा एचडी ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. आता एसडीचा आणि ४केचा आकडा शेजारी ठेवा: बरोबर वीसपट. ४के टीव्हीवर एसडी चॅनेल लावला, की पडद्यावरच्या दर २० ठिपक्यांपैकी १९ टीव्हीने आजूबाजूचे रंग बघून अंदाजाने भरलेले असतात. या भरण्याला अपस्केलिंग म्हणतात. चांगल्या टीव्हीत ते बरं जमतं, पण जे चित्रात नव्हतंच ते कुठलाही टीव्ही आणू शकत नाही. फुल एचडीचं चित्र मात्र ४केवर चांगलं दिसतं, कारण तिथे फरक फक्त चौपट आहे.

पायरी १: चित्र कुठून येतंय ते शोधा

टीव्हीच्या रिमोटवर ‘इन्फो’ किंवा ‘डिस्प्ले’ बटण असेल तर सिनेमा चालू असताना ते दाबा. अनेक टीव्ही कोपऱ्यात येणाऱ्या सिग्नलचा आकडा दाखवतात. तिथे ५७६आय (५७६ ओळींचं, म्हणजे एसडी चित्र) दिसलं, तर दोष टीव्हीचा नाही हे तिथेच कळलं.

डिश किंवा केबल असेल तर दोन गोष्टी तपासा. बॉक्स एचडी आहे का, आणि चॅनेलही एचडीच लावलाय का? झी टॉकीज आणि झी टॉकीज एचडी हे दोन वेगळे चॅनेल आहेत, त्यांचे नंबरही वेगळे. पॅकमध्ये एचडी चॅनेल घेतलेला असूनही सवयीने जुनाच नंबर दाबला जातो, आणि महिनोन्‌महिने एचडीचे पैसे भरून एसडी बघितलं जातं. डीडी फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडीच आहेत, तिथे फार अपेक्षा ठेवू नका. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘व्हिडिओ आउटपुट’ किंवा ‘रेझोल्यूशन’ असा पर्याय असतो. तो ५७६ वर अडकलेला असेल तर १०८० करा.

ओटीटीवर बघत असाल तर आधी प्लॅन बघा. नेटफ्लिक्सचा बेसिक प्लॅन ७२०पी देतो, स्टँडर्ड १०८०पी आणि फक्त प्रीमियम ४के. सिनेमाच्या पानावर ‘अल्ट्रा एचडी ४के’ अशी खूण दिसते ती तुमचा प्लॅन, तुमचा टीव्ही आणि तो सिनेमा तिन्ही जुळले तरच. खात्यात ‘प्लेबॅक सेटिंग’मध्ये डेटा वाचवण्याचा पर्यायही असतो. कुणीतरी फोनसाठी तो ‘लो’वर ठेवला असेल, तर त्याच प्रोफाइलने लावलेल्या टीव्हीवरही चित्र तसंच येतं.

इंटरनेटचा वेग किती लागतो? नेटफ्लिक्स १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस सुचवतं. आजच्या फायबरवर हा वेग सहज मिळतो, पण तो राउटरपाशी मिळतो. टीव्ही दोन भिंतींपलीकडे असेल आणि सोसायटीतल्या प्रत्येक घराचं वायफाय त्याच २.४ गिगाहर्ट्झवर चाललेलं असेल, तर टीव्हीपर्यंत निम्माही वेग पोचत नाही. ॲप मग चित्र थांबू नये म्हणून गुपचूप दर्जा उतरवतं. टीव्ही राउटरच्या ५ गिगाहर्ट्झ नावाला जोडून बघा. जमत असेल तर सरळ लॅनची वायर टाका. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, पण सिनेमासाठी तो पुरून उरतो. फोनच्या हॉटस्पॉटवर मात्र हिशोब करा. ४केला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, त्यामुळे दिवसाचे २ जीबी पंधरा-सतरा मिनिटांत संपतात.

फोनचा स्क्रीन टीव्हीवर ‘मिरर’ करून सिनेमा लावायची सवय असेल तर ती सोडा. मिररिंगमध्ये फोन आपला पडदा पुन्हा दाबून, लहान करून पाठवतो, आणि त्यात बारकावे जातात. टीव्हीतलं ॲप उघडा, किंवा ॲपमध्ये ‘कास्ट’चं चिन्ह असेल तर ते वापरा. कास्ट केल्यावर टीव्ही स्वतःच इंटरनेटवरून चित्र घेतो.

यूट्यूबवर दातेरी चाकाच्या चिन्हात जाऊन दर्जा स्वतः निवडता येतो. जुने मराठी सिनेमे तिथे भरपूर आहेत, पण त्यांतले कितीतरी जुन्या व्हिडिओ टेपवरून चढवलेले आहेत. नावात ‘फुल एचडी’ लिहिलं म्हणून ते एचडी होत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण नवीन पिढीचा असा समज झालाय की जुने सिनेमे मुळातच धूसर होते. तसं नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर ४के स्कॅन करावं इतका तपशील असू शकतो. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन करून नव्याने साफ केलेल्या सिनेमांची प्रत कधी पाहायला मिळाली तर सोडू नका. नऊवारीचा काठ, मातीच्या भिंतीचा पोत, डोळ्यांतली चमक असं सगळं त्या फिल्मवर पहिल्यापासून होतं.

ब्लू-रे डिस्क आता आपल्याकडे फारशी कुणी घेत नाही, तरी एक गोष्ट माहीत असावी. फुल एचडी ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत माहिती असू शकते. इंटरनेटवरून येणाऱ्या ४केला साधारण पंधरा-सोळा. म्हणून पाऊस, धूर, धूळ किंवा अंधार असलेल्या प्रसंगात ठिपके कमी असूनही डिस्कचं चित्र कधीकधी जास्त स्वच्छ दिसतं. ठिपक्यांची संख्या आणि प्रत्येक ठिपक्यामागची माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सिनेमाच्या बाबतीत मी दुसरीला जास्त महत्त्व देईन.

पायरी २: वायर

टीव्हीच्या मागे हात घालून बघा. बॉक्समधून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर आली असेल, तर सगळं तिथेच अडलंय. त्या पिवळ्या पिनेतून एसडीच्या वर चित्र जातच नाही, मग बॉक्स एचडी असो की चॅनेल. एचडीएमआय वायर लावा. साधी, धड बनावटीची चालते. सिग्नल डिजिटल आहे, तो एकतर पोचतो किंवा अडखळतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या वायरीने रंग गडद होत नाहीत. ४के एचडीआर (जास्त छटा आणि जास्त झळाळी असलेलं चित्र) देणारं स्ट्रीमिंग उपकरण किंवा गेमचा कन्सोल असेल तेवढं ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेली वायर घ्या. शिवाय टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टची पूर्ण क्षमता चालू करावी लागते. एलजीत त्याला ‘एचडीएमआय डीप कलर’ म्हणतात, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’.

पायरी ३: टीव्हीची सेटिंग

इथे घाई करू नका. टीव्ही कारखान्यातून येतो तो दुकानाच्या लख्ख दिव्यांत उठून दिसावा अशा तऱ्हेने लावलेला, किंवा वीज वाचवण्यासाठी मंद केलेला. आपण सिनेमा बघतो रात्री, एखादा दिवा लावून. दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही.

सगळ्यात आधी ‘पिक्चर मोड’ बदला. ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’, ‘स्टँडर्ड’ सोडून ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ घ्या. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये जाहीर झाला. दिग्दर्शकांशी बोलून ठरवलेली ही सेटिंग आहे आणि ती टीव्हीच्या बहुतेक लुडबुडी एका झटक्यात बंद करते. मोड बदलल्यावर पडदा पिवळट आणि थोडा मंद वाटेल. घरातलं कुणीतरी लगेच म्हणेल, रंग गेले. दोनतीन दिवस तसंच ठेवा. व्हिव्हिडमधला पांढरा मुळात निळसर असतो आणि डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. सिनेमाचे रंग ठरवणारे लोक ज्या पडद्यावर काम करतात, त्याचा पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास असतो, आणि टीव्हीच्या ‘कलर टेम्परेचर’मधला ‘वॉर्म’ हा पर्याय त्याच्या सगळ्यात जवळ जातो. सवय झाली की मागे जावंसं वाटत नाही, माणसांची त्वचा त्वचेसारखी दिसू लागते.

दुसरी गोष्ट, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. एलजीत ती ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाने सापडेल. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी बनतो, बोलपट आल्यापासून हेच चालत आलंय. टीव्ही त्या २४ चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रं घुसवतो. मग मोठ्या पडद्यासाठी जीव ओतून चित्रित केलेला प्रसंग रोजच्या मालिकेच्या सेटवर घडल्यासारखा दिसतो, कारण तशी सलग हालचाल आपण वर्षानुवर्षं मालिका आणि थेट सामन्यांत बघत आलोय. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वारीसोबत खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. क्रिकेटसाठी ही सोय ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण ‘स्पोर्ट्स’ मोडमध्ये. सिनेमाच्या मोडमध्ये नको.

कॅमेरा हळूहळू एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो तेव्हा चित्र अडखळत असेल, तर त्याचं कारण वेगळं आहे. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर २४ चित्रं सारखी वाटली जात नाहीत, एक दोनदा दिसतं तर पुढचं तीनदा. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चित्र पाच वेळा येतं आणि ही अडचण संपते. फायर टीव्ही, ॲपल टीव्ही यांसारख्या उपकरणांत ‘फ्रेम रेट जुळवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू ठेवा.

‘शार्पनेस’ खाली आणा. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, कारण तो वाढवला की चित्र धारदार होईल असं वाटतं. प्रत्यक्षात टीव्ही प्रत्येक कडेभोवती एक बारीक पांढरी रेघ ओढतो. सबटायटलच्या अक्षरांकडे बघत शार्पनेस कमी करत जा, अक्षरांभोवतीची ती पांढरी कड नाहीशी झाली की थांबा. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद करा. एसडी चॅनेलसाठी त्याचा थोडा उपयोग आहे. चांगल्या सिनेमात मात्र ते फिल्मचे कण पुसताना चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि दाढीचे खुंटही पुसून टाकतं.

आता काळा आणि पांढरा. वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा रात्री लावा. ‘ब्राइटनेस’ वाढवत न्या, पट्ट्या करड्या व्हायला लागल्या की एकदोन घरं मागे या. काही टीव्हींत याला ‘ब्लॅक लेव्हल’ म्हणतात, आणि तिथे ‘ब्राइटनेस’ म्हणजे पडद्यामागचा दिवा असतो. त्यामुळे नावापेक्षा काय बदलतंय तिकडे लक्ष द्या. मग उन्हातला एखादा पांढरा सदरा किंवा धोतर असलेला प्रसंग थांबवून ‘कॉन्ट्रास्ट’ लावा. कापडाच्या चुण्या दिसत राहतील इतपत वाढवायचा. चुण्या पुसल्या जाऊन नुसता पांढरा डाग उरला तर तो जास्त झाला. खोलीतल्या उजेडाप्रमाणे बदलायचा तो फक्त ‘बॅकलाइट’: दिवसा वर, रात्री खाली. वीज वाचवणारा मोड आणि उजेडाचा सेन्सर सिनेमा बघताना बंद असू द्या, नाहीतर अंधाराचा प्रसंग आला की पडदा आपोआप आणखी मंद होतो.

हे सगळं झाल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. बहुतेक टीव्ही प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी साठवतात. बॉक्ससाठी लावलेलं नेटफ्लिक्सला लागू होईलच असं नाही, आणि एचडीआर सुरू झालं की तिसरीच सेटिंग उघडते. तिन्हीकडे एकदा फिरून या.

पायरी ४: काळ्या पट्ट्यांना हात लावू नका

वर-खाली पट्ट्या दिसल्या की ‘स्क्रीन पूर्ण भरत नाही’ म्हणून झूम दाबला जातो. तसं करू नका. टीव्हीचा पडदा १६:९, म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद. मोठ्या पडद्याचे अनेक सिनेमे २.३९ पट रुंद असतात. ते पूर्ण दाखवायचे तर पडद्याची साधारण तीन-चतुर्थांश उंचीच वापरली जाणार. झूम केलं की दोन्ही बाजूंचं चित्र कापलं जातं, म्हणजे कोपऱ्यात उभं राहून ऐकणारं पात्र कथेतूनच जातं.

जुन्या सिनेमांत उलटं होतं. प्रभात फिल्म कंपनीच्या काळातलं चित्र जवळजवळ चौकोनी, ४:३ च्या घरातलं, म्हणून काळ्या पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात. ते ‘वाइड’ करून ताणलं की सगळी माणसं बुटकी आणि जाड दिसतात. ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ ठेवा.

याच मेन्यूत आणखी एक उपयोगी पर्याय असतो: ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’. तो बंद असेल तर टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं ताणतो, आणि फुल एचडीची सगळी धार जाते. तो चालू करा.

पायरी ५: खोली आणि अंतर

टीव्हीसमोर खिडकी असेल तर पडदा लावा. समोरच्या भिंतीवरची ट्यूब बंद करून टीव्हीच्या मागे मंद पांढरा दिवा लावला, तर काळा रंग जास्त गडद वाटतो आणि डोळेही थकत नाहीत. टीव्ही देवघराच्या उंचीवर टांगू नका. बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याजवळ किंवा किंचित वर पोचली पाहिजे.

अंतराचा हिशोब सोपा आहे. चांगल्या नजरेचा माणूस फुल एचडीचे ठिपके वेगवेगळे ओळखू शकतो ते टीव्हीच्या तिरक्या मापाच्या साधारण दीडपट अंतरापर्यंत. ४३ इंचाला ते सुमारे साडेपाच फूट, ५५ ला सात, ६५ ला आठ. त्याहून लांब बसत असाल तर फुल एचडी आणि ४केच्या ठिपक्यांतला फरक डोळ्याला दिसत नाही. आपल्या हॉलमध्ये सोफा टीव्हीपासून आठ-नऊ फुटांवर असतो आणि टीव्ही ४३ इंची, म्हणजे ४के असून त्याचा उपयोग होत नाही. सोफा फूटभर पुढे ओढता आला तर ओढा. सिनेमासाठी मोजमाप ठरवणारे लोकही तिरक्या मापाच्या १.२ ते १.६ पट अंतर सुचवतात, म्हणजे आठ फुटांवरून ६० इंचांच्या आसपासचा टीव्ही अजिबात अवाढव्य नाही.

पायरी ६: नवा घ्यायचाच असेल तर

४३ इंचांच्या पुढे आता बहुतेक टीव्ही ४केच मिळतात, त्यामुळे ठिपक्यांची चिंता करू नका. पैसा पॅनेलवर घाला. एलसीडीत मुख्यतः दोन जाती आहेत. व्हीए पॅनेलचा काळा रंग चांगला, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएसचं उलटं आहे. घरात दोघंच समोर बसून बघत असाल तर व्हीए. सोफ्यावर तिघं, दिवाणावर आजी आणि जमिनीवर मुलं असं बसणं असेल, तर आयपीएस बरा. ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, म्हणून काळा खरोखर काळा आणि बाजूनेही रंग टिकतात. किंमत मात्र तशीच. क्यूलेड नावाने फसू नका, तो एलसीडीच आहे, रंग सुधारणारा थर लावलेला.

एचडीआरमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा येतात, आणि सूर्य, दिवा, पाण्यावरची तिरीप खरोखर झळाळते. पण त्यासाठी पडद्यात तेवढा उजेड हवा. एचडीआर सिनेमे अनेकदा १००० निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) हिशोबाने बनवलेले असतात, आणि स्वस्त टीव्हीचा उजेड अडीचशे-तीनशेच्या घरात असतो. अशा टीव्हीवर एचडीआर उलट काळवंडतं. खोक्यावर ‘एचडीआर सपोर्ट’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका, निट्स विचारा.

दुकानात डेमोचे फुलपाखरांचे व्हिडिओ लावलेले असतात, त्यावरून काही ठरवता येत नाही. विक्रेत्याला मोड ‘मूव्ही’वर करायला सांगा, एक साधा एसडी चॅनेल लावून बघा, मग ओटीटीवरचा अंधारातला एक प्रसंग. समोरून बघा, मग तीन पावलं बाजूला सरकून बघा. टीव्ही घरी आला आणि बसवायला माणूस आला, की कागदावर सही करण्याआधी पूर्ण पांढरं, पूर्ण लाल आणि पूर्ण काळं चित्र पाच-पाच मिनिटं लावून ठेवा. मेलेला ठिपका, कोपऱ्यातून फुटणारा उजेड किंवा मधला डाग असेल तर तेव्हाच दिसतो, आणि तेव्हाच बदलून मागणं सोपं जातं.